फक्कीचा जिना

मला जिना हवा होता. घर नंतर, आधी जिना.

हसू नका. माझं लहानपण पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. खाली आम्ही, वर घरमालकीण. नळावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, बोळात लावलेल्या सायकलवरून माझ्या आईचं आणि त्यांचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच. बहुतेक वेळा आईचंच बरोबर असायचं. पण आई जरा रंगात आली की त्या बाई पदर खोचायच्या, "मी वर जाते" म्हणायच्या आणि ताडताड जिना चढून जायच्या. वरून दार आपटल्याचा आवाज यायचा. आई बिचारी अर्धं वाक्य तोंडात घेऊन खाली उभी. भांडणात ज्याला वर जाता येतं तो जिंकतो, हे मला आठव्या वर्षी कळलं. आपलं घर झालं की त्यात आतून जिना पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

लग्न होऊन फ्लॅटमध्ये आले, तर तोही तळमजल्यावर, पार्किंगला लागून. खिडकी उघडली की समोर कुणाच्या तरी स्कूटरचा सायलेन्सर. वीस वर्षं काढली तिथे. मी शाळेत पीटी शिकवते. दिवसभर मैदानात ओरडणं हाच धंदा, त्यामुळे आवाज मोठा आणि राग कायम नाकावर. भांडायला माणसं मला कधी कमी पडली नाहीत, भांडून झाल्यावर जायला जागा मात्र नव्हती. फणकाऱ्याने आत जायचं म्हटलं तर आत स्वयंपाकघर, आणि तिथे गेलं की पोळ्या लाटाव्या लागायच्या. कसला आलाय फणकारा!

आणि मग म्हसरूळच्या पुढे आम्ही प्लॉट घेतला. तीस बाय पन्नास. समोर चामर लेण्याचा डोंगर, बाजूचे दोन्ही प्लॉट मोकळे, वारा असा की ओढणी सांभाळता सांभाळता पुरेवाट. मी तर पहिल्या दिवशी त्या ढेकळांमध्ये अक्षरशः उड्या मारल्या. शाळेत स्टाफरूममध्ये बसून हजेरीच्या मागच्या कोऱ्या कागदांवर जिने काढायला लागले. सरळ जिना, वळणाचा जिना, खाली कपाट असलेला जिना. गणिताच्या बाई म्हणाल्या, "अहो, घर कुठेय यात?" मी म्हटलं, ते येईल मागून.

आमचे हे मात्र पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावून बसले. बैठं घर. एकाच मजल्याचं, सगळं खाली. हे सिन्नरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहेत. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवतात, आणि घरीही तसेच. बोलतात कमी, हलत नाहीत अजिबात.

"आईचे गुडघे," एवढंच म्हणायचे. पुढे बोलणं खुंटायचं.

ह्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते. सासरे गेल्यापासून त्या सायखेड्याला एकट्याच राहायच्या. शेती ह्यांच्या चुलतभावाला वाट्याने दिलेली. दोन्ही गुडघे असे झिजलेले की बसलं की उठताना भिंत लागायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, जिना चढायचा नाही. किती वर्षं आम्ही म्हणत होतो, इकडे या, इकडे या. तर म्हणायच्या, "आधी घर तर बांधा, मंग येते." म्हणजे आता पेच पक्का होता. जिना केला आणि अर्धं घर त्यांना बंद झालं, तर चार दिवसांत पिशवी उचलून त्या परत सायखेड्याला जाणार. आणि जिना नाही केला, तर शेहेचाळिसाव्या वर्षी मी काय दुसरं घर बांधणार होते? गेला माझा जिना कायमचा.

बरं, त्यांना विचारावं, तर उत्तर ठरलेलं. "मला काय, कोपरा पुरे. तुमी म्हनाल तसं." या "तुमी म्हनाल तसं"वर माझा फार राग. सासूने एकदा नीट भांडावं, तर तेही नाही.

शनिवारी ठेकेदार घरी आला. सोमवारी जेसीबी येणार होता. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "ताई, उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगा. बैठं असेल तर खड्डे वेगळे, वर मजला असेल तर वेगळे. एकदा पाया भरला की नंतर मला म्हणू नका, आता वर चढवा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बांधा बैठं. माझं काय, मला खाली राहायची सवयच आहे." हे वाक्य मी अशा आवाजात म्हटलं की ह्यांना रात्रीपर्यंत टोचत राहावं. आमची लेक कॉलेजात शिकते, ती आतल्या खोलीतून म्हणाली, "आई, तुझा त्याग शेजाऱ्यांनापण ऐकू गेला." ठेकेदार म्हणाला, "तरी पण उद्या एक फोन करा," आणि हळूच सटकला.

त्याग केला खरा, पण झोप लागेना. सकाळी उठले ती एक कल्पना घेऊनच. आत्याबाई आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आल्याच होत्या, प्लॉट बघायला. त्यांना तो कागदावरचा नकाशा दाखवून काय उपयोग? मलाच त्यातलं धड कळत नव्हतं. पण मैदान मला कळतं. वीस वर्षं मी खो-खोची, कबड्डीची मैदानं आखतेय. ती पांढरी भुकटी असते ना, फक्की, ती हातात आली की दोरी न लावता मी सरळ रेघ मारते. मग घर का नाही आखायचं? खऱ्या मापाचं घर जमिनीवर काढायचं, आणि त्यात राहून बघायचं एक दिवस!

"बैठंच ठरलंय ना?" हे म्हणाले.

"ठरलंय हो. पण बघायला काय जातंय?"

रस्त्यात एका दुकानातून फक्कीची गोणी घेतली. टेप, दोरी, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास, धपाटे, दह्याचा डबा. गाडीत आत्याबाईंच्या मांडीवर झाडू. सहलच निघाली आमची.

आधी बैठं घर काढलं. हे टेप धरून माप सांगायचे, मी वाकून फक्की सोडत जायची, लेक दारांच्या जागा मोकळ्या ठेवायची. तासाभरात घर उभं! म्हणजे आडवं. आत्याबाई बाहेर खुर्चीवर बसून बघत होत्या. झाल्यावर मी म्हटलं, "या आत." तर बाई रेघ ओलांडून सरळ नाही आल्या. वळसा घालून पार दाराशी गेल्या, तिथे चपला काढल्या, आणि उजवा पाय आत टाकला. लेकीने हसू दाबलं. मला मात्र एकदम भरून आलं, उगाच. फक्कीचं का होईना, घर म्हणून आत आल्या होत्या त्या.

त्यांची खोली दाखवली. मागच्या बाजूला, मोरीला लागून. त्या खुर्ची टाकून बसल्या, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं हाय."

"आवडलं का?"

"हाय ना. कोपरा पुरे मला."

झालं. ह्यांचा चेहरा खुलला. मला तर वाटलं फक्कीची गोणी डोक्यावर उपडी करून घ्यावी. पण अजून दुपार व्हायची होती आणि गोणी अर्धी भरलेली होती. मी म्हटलं, "आता दुमजली काढते."

"कशाला?" हे म्हणाले.

"कशाला म्हणजे? माझ्या समाधानाला! घर नाही तर नाही, फक्कीचा तरी जिना मिळू दे मला."

लेक माझ्या बाजूने. झाडूने जुनं घर झाडून टाकलं, खालचा मजला आखला. तो लहान झाला, मागे परसाला जागा उरली. मग जिना. लेकीने एकेक पायरी काढली, सतरा. विषमच हव्यात, हे आत्याबाईंनी बाहेरून ओरडून सांगितलं. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं मत. पण जिना चढून जायचं कुठे? वरचा मजला काढायला आमच्या प्लॉटमध्ये तीळभर जागा उरली नव्हती. मग शेजारचा प्लॉट होता की! मोकळा, नुकत्याच काटेरी बाभळी काढलेल्या, जमीन कशी शाळेच्या मैदानासारखी सपाट. मी जिना सरळ त्या प्लॉटात नेला आणि तिकडे वरचा मजला काढला. दोन खोल्या, मधे गॅलरी, आणि डोंगराच्या बाजूला ही एवढी मोठी खिडकी. मी त्या खिडकीत कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि म्हटलं, "मी वर आहे!" ह्यांनी खालून, म्हणजे वीस पावलांवरून, हात हलवला. खरं सांगते, इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही बसा खाली. आम्ही वर चहा घेऊन येतो."

पण आत्याबाई उठल्या होत्या. जिन्याच्या पहिल्या रेघेपाशी येऊन उभ्या होत्या. लेकीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताना चांगला वीतभर उचलून ठेवला. सपाट जमीन ती! पण पाय उचलला. मग दुसरा पाय त्याच पायरीवर. मग पुढची. मध्ये थांबल्या, दम खाल्ला. "आई, गुडघे," हे म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. सतरा पायऱ्या चढून वर आल्या, दारातून आत आल्या, आणि माझ्या त्या मोठ्या खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या.

"इथून गंगा दिसंल का गं?" त्यांनी विचारलं. सायखेड्याला गोदावरीला गंगाच म्हणतात.

"नाही हो. किती लांब ती. आणि आपण केवढ्या उंचावर आहोत."

"मंग चांगलंय," म्हणाल्या, आणि चहा मागितला. असा मागितला की मी दचकलेच, कारण आत्याबाई कधी काही मागत नाहीत.

चहा ओतत होते तोवर धुरळा उडवत एक जीप येऊन थांबली. पांढऱ्या शर्टातला एक जाडजूड माणूस उतरला, हातात प्लास्टिकची फाइल, मागे दोन गडी. प्लॉटच्या टोकाला उभा राहून तो ओरडला, "कोन हाय रे इथं? ही फक्की कुनी मारली माझ्या प्लॉटात?"

शेजारचा प्लॉट लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा आहे, एवढं ऐकून होतो. पुढच्या बांधकामावरच्या वॉचमनने त्याला फोन केला होता, शेठ, तुमच्या जागेवर कुणीतरी घर आखून राहिलंय. आमच्याकडे माणूस एक वेळ चोर परवडला म्हणेल, पण दुसऱ्याची फक्की आपल्या जागेत दिसली की त्याचं डोकं फिरतं. आज फक्की, उद्या खड्डे, परवा कोर्ट. रविवार, लिलाव बंद, म्हणून शेठ उतारा बरोबर घेऊन तडक निघून आले होते.

मी पुढे झाले. "मी मारली."

"कुनाला इचारून?"

"अहो, ही खरी नाहीये."

"फक्की खोटी कशी असती बाई? दोन खोल्या काढल्यात, मोजून!"

"तो आमचा वरचा मजला आहे."

त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "वरचा मजला? माझ्या प्लॉटात?"

आता इथे शांतपणे समजावून सांगायचं सोडून माझा आवाज चढला. "मग काय खाऊन टाकला का आम्ही तुमचा प्लॉट? झाडून देऊ पाच मिनिटांत!" ह्यांनी मला मागे ओढलं आणि हात जोडले. पण शेठ आता माझ्याकडे बघत नव्हते. ते खिडकीपाशी बसलेल्या आत्याबाईंकडे बघत होते. तसे काही ते वाईट बोलले नाहीत. आवाज उतरवूनच म्हणाले, "आजी, उठा तिथून. माझी जागा हाय ती."

आत्याबाई उठल्या. चहाचा कप तसाच खुर्चीवर ठेवला. कुणाला वाटेल, सरळ चार पावलं चालत आमच्या प्लॉटात येतील. पण त्या दारातून बाहेर पडल्या, जिन्याशी आल्या आणि एकेक पायरी उतरायला लागल्या. पाय खाली सोडताना अंदाज घेत. आम्ही सगळे बघत उभे. सतरा पायऱ्या उतरून त्या खालच्या मजल्यावर आल्या आणि तिथल्या एका दगडावर बसून त्यांनी तोंडाला पदर लावला.

मी धावत गेले. "गुडघा दुखला का?"

मानेनेच नाही म्हणाल्या. मग पदरातूनच म्हणाल्या, "परत लोकाच्याच माडीवर जाऊन बसले मी."

मला काही कळेना. ह्यांनाही नाही. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. हे दोन वर्षांचे असताना गंगेला मोठा पूर आला. पाणी घरात शिरलं, चुलीवर आलं, कणगीला लागलं. सासरे गुरं घेऊन वरच्या रानात गेलेले. ह्यांना कडेवर घेऊन त्या शेजारच्या घरी गेल्या, कारण गल्लीत माडी तेवढीच एक. "दोन रात्री राह्यले तिच्या माडीवर. वाईट नव्हती ती. भाकर दिली, पोराला दूध दिलं. पन तवापासून जे सुरू झालं... नळावर भांडन झालं, की, आमच्या माडीवर होतीस म्हनून वाचलीस. बांधावरून झालं, तरी तेच. पोराला नोकरी लागली, पेढे द्यायला गेले, तर काय म्हनावं? आमच्या माडीनं वाचवलेलं पोर हे. सगळ्या बायांदेखत. पंचेचाळीस वर्सं झाली. काय बोलनार? खरंच होतं ना ते."

"आणि दर साली पान्याचे दिवस आले, का मला झोप नाय. परत तिच्याच दारात जायला लागतं का काय."

हे त्यांच्या पायाशी उकिडवे बसले होते. "आई, मला कधी बोलली नाहीस."

"तू दोन वर्साचा. तुला काय सांगू?"

मला इतका राग आला, इतका राग आला! स्वतःचाच. आठवडेच्या आठवडे आम्ही त्यांच्या गुडघ्यांवरून भांडत होतो, आणि गुडघ्यांच्या वरच्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं. तरी तोंडातून गेलंच, "मग सांगायचं ना आत्याबाई! माडी पाहिजे म्हणून सांगायचं!"

त्यांनी पदर खाली घेतला. "कुनी इचारलं?"

"विचारलं की! तुम्ही म्हणालात, कोपरा पुरे!"

"मंग काय म्हनू? पोराच्या पैशावर माडी मागू? अन् गुडघे हे असले. लोक म्हनतील, म्हातारीला चढता येत नाय अन् माडीचा सोस."

"डॉक्टरांनी चढू नका म्हणून सांगितलंय," हे अजून तपासणी खात्यातच होते.

"रोज चढायचं कुनी म्हनलं? आपली हाय, एवढं ठाऊक असलं म्हंजे झालं."

पलीकडे शेठ टोपी हातात घेऊन उभे होते. कधी काढली कोण जाणे. म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. बसा वर. दिवसभर बसा, मी काय म्हनत नाय."

आत्याबाई त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसल्या. "नको बाबा. आता आमची झाली का बसू."

बस्स! ठरलं. मी आनंदाने अशी शिटी फुंकली (शिटी माझ्या गळ्यात रविवारीही असते) की जीपमधला ड्रायव्हर बाहेर आला. मग काय विचारता! शेठनीच सांगितलं, त्यांच्या आईसाठी त्यांनी पायरी सहा इंचांची केली होती, आणि मध्ये बसायला टप्पा. ह्यांनी लगेच टेप काढली. नेहमीची पायरी सात इंच, सहाची केली तर वीस पायऱ्या. "वीस नको, एकवीस," आत्याबाई दगडावरून म्हणाल्या. एकवीस म्हणजे जिना लांब, म्हणजे हॉल अडीच फुटांनी कमी. "सोफा बसणार नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, जिन्यावर बसतील पाहुणे. लेकीने नवा जिना आखला, शेठच्या गड्यांनी दोरी धरली, शेठनी स्वतः दोन पायऱ्यांवर फक्की सोडली, तिरकी. धपाटे सगळ्यांना पुरले. जाताना शेठ जीपकडे निघाले ते वरच्या मजल्यावरून सरळ नाही गेले, जिना उतरून गेले. ह्यांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला.

घर व्हायला आठ-नऊ महिने लागले. त्या काळात मी मिस्तऱ्यांशी किती भांडले त्याची गणती नाही, पण एकवीसच्या एकवीस पायऱ्या सहा इंचांच्या आतल्याच करून घेतल्या. ह्यांनी प्रत्येक पायरी पट्टी लावून तपासली. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही राहायला आलो. आत्याबाईंचं अंथरूण खाली, पण त्यांची लोखंडी पेटी वर, मोठ्या खिडकीच्या खोलीत. हे त्यांनीच सांगितलं. आता त्या सांगायला लागल्या होत्या.

इतकं सांगायला लागल्या की पंधरा दिवसांत आमचं पहिलं भांडण झालं. माझ्या वरणात लसूण जास्त होता म्हणे. मी काय ऐकून घेते? मीही सुनावलं. आवाज चढले, मी कमरेला ओढणी खोचली, आठव्या वर्षापासून जपून ठेवलेलं वाक्य ओठावर आलं, आणि तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "मी वर जाते."

माझं वाक्य! आणि निघाल्याही. एकेका पायरीवर दोन्ही पाय, टप्प्यावर बसणं, मग पुढे. पोचेपर्यंत चांगली दहा मिनिटं लागली. मी खाली उभी, रागाने बघतेय, मग काळजीने बघतेय, मग "सावकाश हो!" असं ओरडतेय. वर पोचल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. लेक सोफ्यावर लोळून हसत होती. सोफा बसला शेवटी, लहानसा.

मग आषाढ-श्रावण आला. चार दिवस पाऊस धो धो कोसळला, गंगापूर धरणातून पाणी सोडलं, रामकुंडावरच्या त्या उंच मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी गेल्याचे फोटो शाळेच्या ग्रुपवर यायला लागले. म्हणजे पुढे सायखेड्याला काय होणार ते कळलंच. मी धास्तावून आत्याबाईंकडे गेले. त्या वर खिडकीत बसून वाल सोलत होत्या. फोन कानाला.

"चढलंय का पानी?... गल्लीत?... मंग असं कर, उतरलं का ये इकडं. एकटी काय करती तिथं. आमची माडी मोकळीच हाय."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कोण?"

"माडीवाली."

"अहो आत्याबाई, तिला स्वतःची माडी आहे. ती कशाला येईल?"

"ठाऊक हाय मला. इचारायला काय जातंय?"

आता यात माया किती आणि उट्टं काढणं किती, मला काही सांगता येत नव्हतं. पण दोन दिवसांनी रस्ता मोकळा झाला आणि हे जाऊन तिला घेऊन आले. मी डोळ्यांसमोर एक दांडगी बाई धरून ठेवली होती. आली ती काडीसारखी म्हातारी. मुलं पुण्याला, ती सायखेड्यात एकटीच. पुराचे चार दिवस आपल्या माडीवर एकटीच बसून होती.

दोघी जिना चढल्या. आत्याबाई मागून सांगत होत्या, "दमानं चढ. टप्प्यावर बस. पायऱ्या उंच नायत आपल्या." मी टप्प्यावर चोरासारखी कान देऊन उभी राहिले. आज आत्याबाई काहीतरी ऐकवणार! ऐकवावंच, असं मला मनापासून वाटत होतं.

वरून माडीवालीचा आवाज आला. "लय भारी बांधलं गं पोरानं. आमच्या माडीवर होता तवा एवढासा होता."

मी मुठी आवळल्या.

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं, राग नाही, मान खाली नाही. "तू माडीवर घेतलं म्हनून वाचला तो. नायतर कुठला गं पोर अन् कुठलं घर? घे, चहा निवतोय. अन् लगेच जायचं नाव काढू नको. दोन रात्री राह्य."

दोन रात्री. मी तिथेच, टप्प्यावर, खाली बसले. पंचेचाळीस वर्षं जे वाक्य त्यांच्या गळ्यात अडकलं होतं, ते त्या आपल्या माडीवर बसून, आपल्या तोंडाने, खुशाल म्हणत होत्या. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन. खालून ह्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं. "दोघींचं अंथरूण वर टाका."